सर्च रिपोर्टमध्ये नसलेलं

17 मे 2025 रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीत इंद्रायणीकाठचे 36 बंगले पाडले. ते नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते. राष्ट्रीय हरित लवादाने ते हटवायचा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. प्लॉट आपण रीतसर खरेदीखत करून घेतले, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं मानलं तरी फरक पडत नव्हता. जमीन कुणाची, हा तिथे वादाचा मुद्दाच नव्हता. त्या जमिनीवर घर बांधता येतं का, हा मुद्दा होता.

घर घेताना आपण वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून घेतो. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, बोजा आहे का, कूळ आहे का, बहिणींचं हक्कसोडपत्र झालंय का, हे सगळं त्यात येतं. याच तीस वर्षांत त्या जमिनीवरून पाणी कुठून कुठे गेलं, पलीकडे काय जळत होतं, खाण कधी आणि कशाने बुजवली, हे त्यात येत नाही. वकिलाचा काही दोष नाही, कारण ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं. 'बँकेने लोन पास केलंय, म्हणजे सगळं क्लिअर' हा आपला आवडता दिलासा. बँकेचा वकील टायटल पाहतो, व्हॅल्युअर बाजारभाव पाहतो. कर्ज वसूल होईल की नाही एवढ्यापुरता बँकेचा त्या घरात जीव. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी आलं म्हणून पाच तारखेचा हप्ता थांबत नाही.

म्हणून जमिनीचा सर्च आपला आपणच काढावा लागतो. त्यातला बराचसा भाग फुकट आहे आणि बसल्या जागी होतो. उरलेल्यासाठी चपला झिजवाव्या लागतात.

सुरुवात पाण्यापासून. महाराष्ट्रात नद्यांच्या पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं, ती साधारणपणे निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, तिथे घर बांधता येत नाही. निळी आणि लाल यांच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथे परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीहून वर घेण्यासारख्या अटींवर. पुण्यात मुठेसाठी हा हिशोब खडकवासल्यातून सुटणाऱ्या पाण्यावर मांडतात. 60 हजार क्युसेक म्हणजे निळी रेषा, एक लाख क्युसेक म्हणजे लाल. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, जेमतेम 28 लिटर. म्हणजे 60 हजार क्युसेकला सेकंदाला सतरा लाख लिटर पाणी पुलाखालून जातं.

'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकले की माणूस निर्धास्त होतो. आपल्या हयातीत काही येत नाही, असं वाटतं. गणित तसं चालत नाही. त्या पुराची शक्यता दर वर्षी शंभरात एक असते आणि गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा ती कमी होत नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता भरते सुमारे 18 टक्के. पंचवीस वर्षांच्या पुराची त्याच मुदतीतली शक्यता 56 टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षाही वाईट. निळ्या रेषेच्या आतलं घर घेणारा माणूस हप्ते फिटायच्या आत घरात पाणी येणार नाही यावरच पैसे लावत असतो, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

रेषेबाहेर असलो म्हणजे सुटलो का? 25 जुलै 2024च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. पार्किंग आणि तळमजले बुडाले, लोकांना बाहेर काढायला लष्कर बोलवावं लागलं. त्या वेळी धरणातून सुटत होतं सुमारे 35 हजार क्युसेक. निळ्या रेषेचा आकडा 60 हजारांचा, आणि त्याच्या जेमतेम साठ टक्क्यांतच घरं पाण्यात. रेषा आखताना नदीचं जे पात्र मोजलेलं असतं, ते पात्र तसंच राहत नाही. काठाने राडारोडा पडतो, भराव होतो, पुलांचे खांब उभे राहतात. शिवाय धरणाच्या खाली जो पाऊस पडतो त्याचं पाणी ओढ्यांतून थेट नदीत येतं, ते धरणाच्या आकड्यात धरलेलंच नसतं. तेव्हा रेषेच्या आत असाल तर विषय तिथेच संपवा, आणि जरा बाहेर असाल तर पुढची चौकशी सुरू करा.

या चौकशीत जुन्या माणसांच्या आठवणीला मोल आहे, पण तिलाही मर्यादा आहे. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या लोकांना 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते नेमकं सांगता येतं. सांगलीत मात्र ही आठवणच अंगाशी आली. तिथे बऱ्याच जणांचं माप 2005चा पूर होता. तेव्हा आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, आता कशाला येतंय, या भरवशावर लोक घरात थांबले. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी 43 फूट. तीही त्या वर्षी आणि पुन्हा 2021मध्ये पाण्याने कितीतरी मागे टाकली. या दोन शहरांत घर पाहताना दलालाला कार्पेट एरिया विचारायच्या आधी 'एकोणीसला इथे पाणी किती होतं?' हे विचारावं. उत्तर फुटांत मिळतं.

नदी निदान दिसते तरी. जास्त घात करतात ते ओढे. पुण्यात 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढा चढला आणि वीसहून जास्त माणसं गेली. कात्रजच्या डोंगरातून निघून अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळणारा हा ओढा एरवी लोकांना आठवतही नसे. नागपुरात 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या, महागड्या वस्त्यांच्या दिवाणखान्यांत पाणी आलं. ओढ्याला नदीसारखी निळी-लाल रेषा बहुतेक ठिकाणी आखलेलीच नसते. त्यामुळे 'पूररेषेत नाही' हे बिल्डरचं वाक्य अगदी खरं असू शकतं आणि तरी घरात पाणी येऊ शकतं.

ओढा शोधायचा तर गूगल अर्थ उघडा. प्रकल्पाच्या जागेवर जाऊन जुनी चित्रं दाखवणारी पट्टी मागे ओढत न्या. शहरांच्या कडेची चित्रं दोन दशकं मागेपर्यंत मिळतात. आज जिथे क्लबहाउस आणि पोहण्याचा तलाव आहे, तिथे तेव्हा शेतं दिसतील. शेताचे बांध सरळ असतात, कोपऱ्यात वळतात. त्यांच्या मधून एखादी वाकडीतिकडी हिरवी ओळ जात असेल, टेकडीच्या पायथ्याशी बारीक सुरू होऊन खाली येता येता रुंद होत असेल, तर तो ओढा. उन्हाळ्यातलं चित्र निवडा, म्हणजे आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना ही ओळ तेवढी हिरवी राहिलेली उठून दिसते. आता पट्टी एकेक वर्ष पुढे आणा. एका चित्रात त्या ओळीच्या तोंडाशी मुरमाचे ढीग दिसतात. पुढच्यात ओळ मधेच तुटते. त्याच्या पुढच्यात तिच्यावरून रस्ता गेलेला असतो आणि ती पलीकडे एकदम काटकोनात वळून कंपाउंडच्या भिंतीला लागून सरळ चालू लागते. पाणी स्वतः काटकोनात वळत नाही, कुणीतरी वळवलेलं असतं. याला बांधकामाच्या भाषेत 'नाला चॅनलाइज केला' म्हणतात.

मग प्रत्यक्ष जागेवर जा आणि तो नाला जिथे पाइपात शिरतो ते तोंड शोधा. सिमेंटच्या पाइपाच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी गादी, नारळाच्या झावळ्या अडकलेल्या दिसल्या, तर जोराच्या पावसात तो पाइप किती चालेल हे सांगायला इंजिनिअर नको. वरच्या अंगाला टेकडी किती मोठी आहे तेही पाहा. टेकडीवर काँक्रीट वाढलं की तेच पावसाचं पाणी पूर्वीपेक्षा लवकर आणि एकदम खाली येतं, पाइप मात्र जुन्या मापाचाच राहतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर हे ओढे निळ्या रेघांनी काढलेले असतात आणि ते नकाशे आता ऑनलाइन मिळतात. एवढंही जमणार नसेल, तर दुचाकीवरून त्या रस्त्याने दोन्हीकडून या. दोन्ही बाजूंनी उतार येऊन प्रकल्पाच्या गेटपाशी मिळत असेल, तर पाणीही तिथेच मिळणार.

तयार इमारत असेल तर पार्किंग बारकाईने बघा. फ्लॅट सजवून दाखवतात, पार्किंग सजवायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. खांबांना गुडघ्यापर्यंतच नवा रंग का? मीटरची पेटी बाकीच्या इमारतींपेक्षा एवढी उंचावर का बसवली? रॅम्पच्या तोंडाशी फरशीचा नवा उंबरा का घातला? कोपऱ्यात पाणी उपसायचा पंप आणि वाळूची पोती आहेत का? वॉचमनला 'काका, इथे पाणी येतं का?' असं विचारलं तर तो 'नाही' म्हणेल. त्याला तसं सांगितलेलं असतं. त्यापेक्षा 'पाणी आलं तेव्हा गाड्या कुठे नेऊन लावता?' असं सहज विचारावं. 'वरच्या पेट्रोल पंपावर, साहेब' असं उत्तर आलं की तुमचं काम झालं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि किराणावाला याहून मोकळेपणी सांगतात, कारण तो फ्लॅट विकला गेला काय, न गेला काय, त्यांचं काही अडत नाही.

वरचा मजला घेतला म्हणजे प्रश्न मिटला, हा समजही तपासून पाहावा. लिफ्टचा खड्डा, पाण्याची टाकी, तिचा पंप, मीटर, जनरेटर, सगळं खाली असतं. तळघरात पाणी भरलं की अकराव्या मजल्यावरच्या आजोबांना वीज नाही, पाणी नाही आणि खाली उतरायची सोयही नाही.

मुंबईत यात आणखी एक गोष्ट मिसळते, भरती. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मुंबईकराला पाठ आहे. पण रोजच्या तुंबण्यासाठी एवढ्या पावसाची गरज नसते. समुद्राला मोठी भरती असली की पावसाळी नाल्यांची मुखं बंद झाल्यासारखी होतात आणि पाणी उलटं वस्तीत साचतं. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्यातल्या एखाद्या दिवशी, पाऊस असेल तर उत्तमच, घर पाहायला जावं. एकूणच घर जुलैत पाहावं आणि सौदा दसऱ्याला करावा. आपल्याकडे होतं उलट. गुढीपाडव्याची ऑफर, अक्षय तृतीयेचा मुहूर्त, साइट व्हिजिट भर उन्हाळ्यात. तेव्हा गटारसुद्धा कोरडं असतं.

डोंगरउताराबद्दल थोडक्यात. एकास पाचहून जास्त तीव्र उतारावर बांधकामाला आपल्याकडे मनाई आहे, तरीही 'व्हॅली व्ह्यू' नावाने प्लॉट विकले जातातच. डोंगर कापून घर बसवलं असेल तर मागची भिंत आधी बघा. तिला पाणी निघायला भोकं आहेत का, पावसात त्यांतून पाणी खरंच येतं का, की ती बुजली आहेत आणि भिंतीला पोट आलंय? भिंतीमागे साठलेल्या पाण्याचा रेटा भिंत पाडतो. 30 जुलै 2014ला माळीणमध्ये दरडीखाली 151 माणसं गेली, 2021मध्ये महाडजवळ तळिये, 2023मध्ये इर्शाळवाडी. ही पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांची गावं होती, त्यांनी ती जागा ब्रोशर पाहून निवडली नव्हती. आज सेकंड होमसाठी मुद्दाम तशाच उतारावर जाणाऱ्याला तेवढं माहीत असावं. सपाटीवर काळी माती किंवा बुजवलेली खाण असेल तर शेजारच्या पाच-सात वर्षं जुन्या घरांच्या भिंती पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा असल्या तर पायाचं काय केलंय ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. भूकंपाच्या नकाशावर मात्र फार विसंबू नये. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारीत भूकंप झाला, तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याचा दाखवलेला होता.

जास्त पाण्याइतकंच कमी पाणीही महागात पडतं. शहराकडेच्या नव्या प्रकल्पांत पालिकेचं पाणी 'लवकरच' येणार असतं. तोवर बोअर आणि टँकर. आपल्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. वाळूच्या मैदानी प्रदेशासारखा सलग साठा खाली नसतो. शेजारी चार टॉवर उभे राहून त्यांनी आठ बोअर मारले की तुमचं आटतं. हिशोब साधा आहे. दोनशे फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरलं तर रोज 1 लाख 8 हजार लिटर. दहा हजारी टँकर रोज अकरा. पालिकेचं निम्मं पाणी आलं तरी पाच-सहा लागणारच. तुमच्या भागातल्या टँकरच्या मे महिन्यातल्या दराने त्याला गुणा आणि दोनशेने भागा. मेंटेनन्सचा खरा आकडा कळेल. रिसेलचा फ्लॅट असेल तर विकणाऱ्याकडून सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल आणि ताळेबंद मागून घ्या. टँकरचा खर्च तिथे एका ओळीत लिहिलेला असतो. अहवाल द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर तेही उत्तरच.

पाणी किती याच्या बरोबरीने ते कुठून येतं हेही पाहावं. 2025च्या जानेवारीत पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. तिचे रुग्ण नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात एकवटले होते. ही महापालिकेत नव्याने आलेली गावं. तिथे पाणी गावच्या विहिरीवरून जात होतं, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नव्हे. हद्दीत नाव आलं म्हणून नळात शहराचं पाणी येत नाही.

हवा, वास आणि आवाज या तीन गोष्टी रविवारी दुपारी कळत नाहीत, आणि आपण घर बघायला जातो नेमके रविवारी दुपारी. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैऋत्येकडून असतो; हिवाळ्यात रात्री थंड हवा सखल भागात बसून राहते आणि धूर, वास तिच्याबरोबर जमिनीलगत साचतो. म्हणून कचरा डेपोच्या शेजारी घर पाहायचं तर डिसेंबरच्या पहाटे जावं. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची-फुरसुंगीतल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. मुंबईतली देवनारची क्षेपणभूमी 1927पासून वापरात आहे. 2016च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या चित्रात दिसत होता. खडी क्रशर आणि तयार काँक्रीटचे आरएमसी प्लांट यांची धूळ गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवलं तरी समजते. आवाजाचा नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलचा. समोर लग्नाचं लॉन असेल तर तो नियम कागदावरच राहतो, हे वेगळं सांगायला नको. लग्नसराईतली एक तारीख पाहून रात्री दहाला त्या रस्त्यावर उभं राहावं.

काही धोके दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत आणि त्यांना वासही नसतो. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती दोन हजार यार्डांचा संरक्षित पट्टा आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये त्याला सगळे रेड झोन म्हणतात. या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळत नाही, पण गुंठा-गुंठा जमीन नोटरीवर विकत घेऊन हजारो लोकांनी तळवडे, रुपीनगर, चिखलीकडे घरं बांधली. पैसे कमी लागले, कारण धोका किमतीत आधीच वजा केलेला होता. डोंबिवलीत तसं झालं नाही. तिथे एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांना खेटून वस्ती वाढत गेली, भावही वाढत गेले. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन्ही दिवशी कारखान्यात स्फोट होऊन माणसं दगावली आणि बाहेर कितीतरी अंतरावरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कारखाने आधीचे, घरं नंतरची. त्यामुळे कुणी कुणाला हटवायचं यावर वर्षानुवर्षं खल चालतो, आणि तोवर दोघंही तिथेच असतात.

कागदांचं तेवढं नीट करावं. महापालिकेच्या किंवा प्राधिकरणाच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. पूररेषा, टेकडीचा उतार, आरक्षणं, होऊ घातलेला डीपी रस्ता, सगळं त्यावर असतं. फक्त आपला नंबर पाहून नकाशाची घडी घालू नका. चारही बाजूंचे नंबर पाहा. आज खिडकीतून दिसणारी हिरवी मोकळी जागा उद्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्र असू शकते, बस डेपो असू शकतो, स्मशानभूमी असू शकते. या सगळ्याची शहराला गरजच आहे; फक्त ती तुमच्या खिडकीसमोर येणार असल्याचं आधी माहीत असावं. नालासोपाऱ्यात तर उलटा प्रकार झाला. मैलापाणी केंद्र आणि कचऱ्यासाठी राखलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने 2024च्या अखेरीस आणि 2025च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या. दोन हजारांहून जास्त कुटुंबं रस्त्यावर आली.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला की मंजूर नकाशे, टायटलचे कागद, दावे दिसतात. हे दहा वर्षांपूर्वी नव्हतं आणि ते मोलाचं आहे. पण नंबर आहे म्हणून डोळे मिटू नयेत. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी पालिकेची बनावट परवानगी दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. म्हणजे नंबर महारेरावर पाहायचा आणि बांधकाम परवानगी पालिकेत जाऊन पडताळायची. बांधकाम 20 हजार चौरस मीटरच्या वर असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तिचं पत्र परिवेश या सरकारी संकेतस्थळावर सापडतं आणि पाणी कुठून आणणार, मैलापाणी कुठे सोडणार, नाल्याचं काय करणार, हे बिल्डरने सरकारला काय लिहून दिलंय ते त्यात असतं. ब्रोशरशी ते ताडून पाहणं मोठं मनोरंजक असतं.

'शेजार' म्हटलं की आपल्याकडे बरेच जण वेगळंच काही तपासतात. आडनावं वाचतात, स्वयंपाकाचा वास घेतात, 'आपली माणसं आहेत ना' विचारतात. यातून तुमच्या डोक्यावर छप्पर टिकेल की नाही हे काडीचंही कळत नाही. रात्री अकराला मुलगी बसस्टॉपवरून चालत येऊ शकते का, रस्त्यावर दिवे आहेत का, अग्निशमनाची गाडी त्या बोळातून आत वळेल का, जवळचं मोठं रुग्णालय ट्रॅफिकमध्ये किती लांब पडतं, हे तपासावं.

हे सगळं निवड करता येणाऱ्यांसाठी. मुंबईतल्या हजारो प्रकल्पग्रस्तांना रिफायनरींच्या सावलीतल्या माहुलमध्ये घरं दिली गेली, तेव्हा त्यांना कुणी निवड विचारली नव्हती. तिथल्या हवेने आजारी पडतो म्हणून ते वर्षानुवर्षं लढले. अखेर 2019मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरं घर मिळेपर्यंत महिन्याला 15 हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं.

ज्यांना थोडा धोका पत्करूनच घर घ्यावं लागतं, त्यांनी निदान विमा घ्यावा. भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2021पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या देतात आणि तिच्यात पूर, भूकंप, दरड कोसळणं हे धरलेलं आहे. बँक कर्जासोबत जो विमा गळ्यात मारते, तो बहुतेक वेळा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे. कागद उलगडून पाहा.

रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, तेव्हा वरची सगळी धावपळ त्या दहा टक्क्यांच्या चेकच्या आधी उरकावी. आणि त्याच सुमारास बिल्डरच्या सेल्स ऑफिसला एक साधा ईमेल टाकावा: भूखंड निळ्या किंवा लाल रेषेत येतो का, आवारातून किंवा लगत नैसर्गिक नाला आहे का, पालिकेचं पाणी आजच्या तारखेला जोडलेलं आहे का. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर कलम 12 भरपाई मागायचा आणि व्यवहारातून बाहेर पडल्यास व्याजासह पैसे परत घ्यायचा हक्क देतं. लेखी उत्तर आलं तर त्या दाव्याला पुरावा हाताशी राहतो. सेल्स ऑफिसमधली मुलं फोनवर भरभरून बोलतात; ईमेलला उत्तर यायला लागणारे दिवस मोजा.